पिकअप आणि व्हॉल्व्ह ॲम्प : ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

काम हातात घेतलं. भाच्याची दोन हंबकरांची (दोन कॉइलच्या पिकअपची; पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) गिटार आणि मी बांधलेला अठरा वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प, या दोघांचं जमत नाही. हळू वाजवलं तर ठीक. ॲम्पचा व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन रॉकचे कॉर्ड मारले की आवाज चोंदतो. जाड होतो, पण पुढे येत नाही. ड्रम सुरू झाले की गिटार आहे की नाही तेच कळत नाही. २७ ऑगस्टला गणपती बसतात आणि त्यानंतरच्या शनिवारी सोसायटीच्या मंचावर त्याच्या बँडला पाऊण तास मिळाला आहे. तोवर हे मार्गी लावायचं.

ॲम्पची माहिती आधी लिहून ठेवतो. आराखडा मार्शलच्या साठीच्या दशकातल्या अठरा वॉटच्या ॲम्पवरून घेतलेला. पॉवरला, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, दोन ईएल८४ व्हॉल्व्ह, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक नाही, रेक्टिफायरसुद्धा (एसीचा डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचाच, ईझेड८१. ट्रेमोलो गाळला आहे. त्याआधीच्या टप्प्यांना ईसीसी८३, म्हणजेच अमेरिकन नावाने १२एएक्स७. ट्रान्सफॉर्मर वागळे इस्टेटमधल्या एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतले. स्पीकर एकच, बारा इंची सेलेस्टियन ग्रीनबॅक, १८ मिमी प्लायच्या पेटीत.

भाच्याचा प्रश्न सरळ आहे : "मामा, रॉक वाजवायचं तर पिकअप हॉटच पाहिजे ना?" हॉट म्हणजे जोरदार सिग्नल देणारा. बहुतेक पोरांना असंच वाटतं, आणि त्यामागे कारणही आहे. १९७२ साली डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला. सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, साधारण १३.७ किलोओहम. तेव्हाच्या ॲम्पमध्ये गेन (सिग्नल मोठा करण्याची क्षमता) कमी असायचा, त्यामुळे पिकअपनेच पहिल्या व्हॉल्व्हला जोराने ढकललं की आवाज लवकर फाटायचा, म्हणजे डिस्टॉर्ट व्हायचा. त्या ॲम्पना त्या पिकअपची गरज होती. आमचा ॲम्प तसा नाही. यात ईएल८४ स्वतःहून, आणि फार सुंदर, फाटतात. त्यांना आधीच फाटलेला आवाज दिला तर त्यांनी करायचं काय?

म्हणून या कामाचा क्रम असा ठेवतो : आवाज ॲम्पच्या कुठल्या टप्प्यावर फाटायला हवा ते आधी ठरवायचं, मग त्या जागेला साजेसा पिकअप शोधायचा. पिकअप आधी विकत घेऊन ॲम्पचे नॉब फिरवत बसण्याला काही अर्थ नाही.

८ जून, रविवार

पिकअपला हात लावण्याआधी ॲम्पची प्रकृती तपासली. ऐकून काही ठरवायचं तर ऐकण्याचं साधन दर वेळी सारखंच वागलं पाहिजे.

आमच्या इमारतीत संध्याकाळी २३२ च्या आसपास व्होल्टेज असतं. रात्री साडेअकरानंतर, आजूबाजूचं बरंचसं बंद झालं की २४५ पर्यंत चढतं. ट्रान्सफॉर्मर २३० च्या टॅपवर (२३० व्होल्टसाठीच्या जोडणीवर) होता. २४५ व्होल्टला कॅथोडवर ११.६ व्होल्ट आले. रेझिस्टर दोघांत मिळून १३० ओहम, म्हणजे प्रवाह साधारण ८९ मिलिॲम्पियर, प्रत्येकी पंचेचाळीसच्या जवळ. त्यातून व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडचे चार मिलिॲम्पियर वजा केले आणि प्लेट-कॅथोडमधल्या ३१८ व्होल्टने गुणलं की जवळजवळ १३ वॉट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॉटची आहे. रात्री उशिरा आवाज बोथट का वाटतो याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे, आणि व्हॉल्व्ह लवकर का संपतात त्याचंही.

टॅप २४० वर नेला, कॅथोड रेझिस्टर १५० ओहमचा घातला. आता रात्रीच्याच व्होल्टेजला हिशेब १०.९ वॉटवर येतो. हीटरला आधी ६.७ व्होल्ट मिळत होते, आता ६.४. तेही बरं झालं, ६.३ च्या जवळ असलेलं चांगलं.

भाचा शेजारी बसून बघत होता, म्हणून हे त्याच्यासाठी लिहितो. ॲम्प बंद करून प्लग काढला तरी आतले फिल्टर कॅपॅसिटर तीनशे व्होल्ट धरून बसू शकतात. माझ्याकडे १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवलेला आहे. तो लावायचा, मीटरवर पाच व्होल्टच्या खाली आलेलं डोळ्यांनी बघायचं, आणि मगच आत हात घालायचा. दुसरा हात खिशात. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फोडतं, आणि तो गुंडाळून घ्यायला पुन्हा वागळे इस्टेट.

१५ जून, रविवार

आज मोजमाप. आठवडाभर याचीच वाट बघत होतो.

ब्रिजमधला (घोडीजवळचा) सिरॅमिक हंबकर : १३.६ किलोओहम, एलसीआर मीटरवर साधारण ८ हेन्री (कॉइलच्या इंडक्टन्सचं एकक). तुलनेसाठी शेजारच्या विंगमधल्या मुलाची स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार आणली. तिचा सिंगल कॉइल ५.९ किलोओहम, २.४ हेन्री.

किलोओहमच्या आकड्यावरून पिकअपचा जोर ठरवण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्यातून कळतं थोडंच. तो तांब्याच्या तारेचा रोध आहे. तार बारीक घेतली तरी तो वाढतो. आवाजाचा रंग समजायचा असेल तर हेन्रीचा आकडा हवा. पिकअपचं कॉइल, त्याची स्वतःची थोडी कॅपॅसिटन्स आणि केबलची कॅपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या जागी आवाजाला एक उंचवटा येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. केबल साधारणपणे मीटरला १०० पिकोफॅरड. तीन मीटरची केबल धरली आणि पिकअप व आतल्या वायरिंगचे दीडशे मिळवले तर ४५० पिकोफॅरड. त्यावर सिरॅमिकचा उंचवटा येतो २६५० हर्ट्झच्या आसपास, सिंगल कॉइलचा ४८०० ला. भाचा सहा मीटरची केबल वापरतो. तिच्यासह सिरॅमिक २०५० वर उतरतो.

चोंदलेपणाचा एक धागा इथे सापडला. गिटारचा 'दात' जिथे ऐकू येतो ती जागा साधारण अडीच ते चार हजार हर्ट्झची. आमचा पिकअप त्या दारातच थांबतो. ॲम्पचा ट्रेबल कितीही वाढवला तरी जे पिकअपमधून आलंच नाही ते ॲम्प आणणार कुठून?

दुसरा धागा ऑसिलोस्कोपवर. ई कॉर्ड जोराने मारला तर सिरॅमिकचा पहिला ठोका १.९ व्होल्टपर्यंत जातो, मग क्षणात खाली येतो. आता ॲम्पकडे बघू. पहिल्या ईसीसी८३ च्या कॅथोडवर १.३ व्होल्ट आहेत. म्हणजे ग्रिड कॅथोडपेक्षा तेवढा खाली बसलेला असतो. आलेला सिग्नल १.३ व्होल्टच्या वर उसळला की ग्रिड स्वतःच प्रवाह ओढायला लागतो आणि लाटेचा माथा चपटा होतो. आमच्याकडे हे पहिल्याच दारात घडतंय. आणि ॲम्पचा व्हॉल्यूम नॉब या व्हॉल्व्हच्या नंतर आहे! तो कमी केला तरी पहिल्या टप्प्यात जे फाटलं ते फाटलेलंच राहतं, फक्त हळू ऐकू येतं. त्या टप्प्याला आवरणारा एकच नॉब आहे, गिटारवरचा.

हे कळल्यावर भाच्याने लगेच गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणून वाजवलं. फाटणं कमी झालं, पण त्याबरोबर वरचे सूरही गेले. नॉब खाली आणला की पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचा) रोध मधे येतो आणि केबलच्या कॅपॅसिटन्सशी मिळून ट्रेबल खातो. यावर वायरिंगमध्ये उपाय आहे, तो पुढे.

२१ जून, शनिवार

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. ०.०२२ मायक्रोफॅरडचे फिल्म कॅपॅसिटर, ५०० किलोओहमचे ऑडिओ टेपर पॉट, ०.६८ मायक्रोफॅरडचे दोन, शील्डेड वायर. एका जुन्या रेडिओवाल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सची बंगळुरात बनलेली ईसीसी८३ मिळाली, काचेवरची छपाई पुसट झालेली. टेस्टरवर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या निघाल्या, म्हणून फेज इन्व्हर्टरच्या (सिग्नलच्या दोन उलट प्रती करून दोन ईएल८४ ना देणाऱ्या टप्प्याच्या) जागी लावली. तिथे दोन्ही बाजूंचा सारखेपणा उपयोगी पडतो. आपल्याकडे बनलेला व्हॉल्व्ह या ॲम्पमध्ये आहे याचा मला आनंद आहे.

२९ जून, रविवार

चुंबक बदलून पाहिलं. सिरॅमिक काढून अल्निको ५ ची (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या चुंबकाची) पट्टी. नवा पिकअप आणण्याआधी हे करायचं कारण असं की फरक चुंबकामुळे किती आणि वेढ्यांमुळे किती, हे वेगळं करून ऐकता येतं.

पिकअप उलटा करून खालचे चार स्क्रू सैल केले (पूर्ण काढायचे नाहीत, बॉबिन, म्हणजे तारेचं रीळ, हलली की आतली केसासारखी तार तुटते) आणि पट्टी बाजूने सरकवत बाहेर काढली. त्याआधी होकायंत्र धरून उत्तर बाजू कुठली ती पेन्सिलने टिपून ठेवली. नवी पट्टी त्याच दिशेने बसवायची, नाहीतर नेक (मानेजवळचा) आणि ब्रिज पिकअप एकत्र वाजवताना एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो.

निकाल : ठोका १.९ वरून दीड व्होल्टच्या आसपास आला. बोटाखाली थोडा मऊपणा आला, कडेची किरकिर गेली. पण चोंदलेपणा आहे तिथेच. वेढे तेच, कॉइल तेच, उंचवटाही जवळजवळ तिथेच. चुंबक बदलून स्वभाव सुधारतो, उंचवट्याची जागा सरकत नाही. तेव्हा कमी वेढ्यांचा पिकअप आणायचा, यावर शिक्कामोर्तब.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

कालच ट्रान्स-हार्बरने वाशीला जाऊन एका गिटारवाल्याकडून वापरलेला पिकअप आणला होता. पीएएफ धाटणीचा हंबकर, अल्निको २, ७.६ किलोओहम, ४.४ हेन्री.

या घराण्याचं मूळ गिब्सनच्या सेथ लव्हर यांच्याकडे जातं. दोन कॉइल उलट्या दिशेने जोडून आणि चुंबकाचे ध्रुव उलटे ठेवून विजेची गुणगुण रद्द करायची, तारांचा आवाज मात्र बेरजेत ठेवायचा, ही कल्पना. पेटंटचा अर्ज १९५५ चा, पिकअप गिटारवर आले १९५७ ला, पेटंट मिळालं १९५९ ला. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं स्टिकर असायचं, त्याच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पीएएफ. ४२ गेजची तार, एका कॉइलला पाच हजारांच्या आसपास वेढे. त्यामुळे रोध सात ते नऊ किलोओहममध्ये कुठेही असतो.

बसवण्याचं काम दुपारभर चाललं. आणलेल्या पॉटपैकी ५०० छापलेला एक मीटरवर ४३८ निघाला, दुसरा ५२०. वीस टक्क्यांची सूट असते, चालायचंच. ५२० चा ब्रिजला दिला, म्हणजे उंचवटा थोडा मोकळा राहतो. टोनचा कॅपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडला, पन्नासच्या दशकातल्या गिब्सनमध्ये असायचा तसा. आता व्हॉल्यूम ६ वर आणला तरी ट्रेबल बऱ्यापैकी शाबूत राहतो. १५ जूनला म्हटलेला वायरिंगमधला उपाय हाच.

मग उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तार आणि पिकअपच्या खांबामधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. सुरुवात जाड तारेखाली २.४ मिमी, बारीक तारेखाली १.६ मिमी. तिथून अर्धा-अर्धा फेरा. जवळ नेलं की जोर वाढतो, पण चुंबक तारेला ओढायला लागतं आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर थरथरतो. लांब नेलं की आवाज मोकळा होतो आणि बोटांचा जोर-हलकेपणा जास्त ऐकू येतो. आमच्या घरात आई तंबोऱ्याची जवारी लावायची, घोडीवरचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत, डोळे मिटून, सूर खुलेपर्यंत. उंचीचा स्क्रू फिरवताना तसंच ऐकत बसावं लागतं. मोजपट्टी जागेच्या आसपास नेते, नेमकी जागा कान सांगतो. शेवटी जाड बाजू २.८ आणि बारीक बाजू १.८ वर थांबलो.

नेकचा पिकअप भरपूर खाली घेतला. तिथे तारेची हालचाल मोठी असते. तो ब्रिजइतकाच जवळ ठेवला तर स्विच टाकताच आवाज दणकन वाढतो.

स्कोपवर : त्याच जोराचा ई कॉर्ड, ठोका ०.७ व्होल्ट. पहिल्या व्हॉल्व्हच्या १.३ च्या बराच आत. उंचवटा हिशेबाने ३५८० हर्ट्झ, भाच्याच्या लांब केबलसह २७७०. आता सहा मीटरच्या केबलनेसुद्धा आपण आधीच्या तीन मीटरपेक्षा वर आहोत.

१२ जुलै, शनिवार

आज खरी परीक्षा, वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या रिहर्सलच्या गाळ्यात. घरी हे होणं शक्यच नाही. ग्रीनबॅकची सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल. अठरा वॉट पूर्ण दिले तर एक मीटरवर ११० च्या पुढे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे.

बँडमधल्या दुसऱ्या मुलाच्या गिटारमध्ये आमच्या आधीच्यासारखाच सिरॅमिक हंबकर आहे, त्यामुळे समोरासमोर ऐकता आलं. ॲम्पचा व्हॉल्यूम आधी ३ वर. इथे सिरॅमिक बाजी मारतो, यात शंका नाही : मोठा, जाड, आधीच किंचित फाटलेला. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. आमचा पिकअप त्याच्यापुढे अशक्त वाटत होता.

मग व्हॉल्यूम ६ वर. सिरॅमिकचा आवाज फारसा मोठा झालाच नाही, नुसता दाटला. हळू मारा की जोराने, एकाच पातळीवर. आमचा पिकअप लावला आणि पहिल्या कॉर्डलाच ड्रमरने काठ्या थांबवून वर पाहिलं. ठोक्याला धार, मागून ईएल८४ चा घोगरा गजर, आणि कॉर्ड ओसरताना तो गजर हळूहळू विरत जाऊन शेवटी तारेचा स्वच्छ सूर उरतो. जोराने मारलं की रेक्टिफायर व्हॉल्व्हमुळे व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग वर येतं, तो श्वासही आता ऐकू येत होता. आधी तो होता, पण पहिल्या टप्प्याच्या चपट्या लाटांखाली दबून गेलेला.

भाच्याने नकळत एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. तो एरवी फक्त षड्ज-पंचमाचे पॉवर कॉर्ड मारतो. आज त्याने पूर्ण मेजर कॉर्ड मारला आणि तो सुटा-सुटा ऐकू आला. "मामा, हे आधी गढूळ व्हायचं!"

गढूळ का व्हायचं ते त्याला तिथेच जमिनीवर खडूने लिहून दाखवलं. आवाज फाटतो तेव्हा मूळ सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. षड्ज आणि पंचमाचं नातं २:३ चं. वजाबाकी येते १, म्हणजे षड्जाचाच खालचा सप्तक. म्हणून पॉवर कॉर्ड फाटल्यावर आणखी भरदार होतो, तोच षड्ज खालून येऊन बसतो. फ्रेटवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त दोन सेंटने (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, त्याने बिघडत नाही. गांधाराचं तसं नाही. शुद्ध गांधार ४:५. फ्रेटवरचा गांधार त्याहून जवळजवळ १४ सेंट चढा. त्याच्या वजाबाकीतून येणारा सूर षड्जाशी जुळत नाही, दोघांत लहरी उठतात. एकामागून एक तीन टप्पे फाटले तर हा गोंधळ प्रत्येक टप्प्यावर वाढत जातो. एकाच टप्प्यावर, शेवटी, फाटला तर कॉर्ड जगतो.

एसी/डीसीच्या माल्कम यंग यांचं उदाहरण दिलं. त्यांची १९६३ ची ग्रेच गिटार, तिच्यात ब्रिजला एकटा फिल्टरट्रॉन (ग्रेचचा हंबकर), रोधाने चार-पाच किलोओहमचाच, आणि पुढे मार्शल. रॉकमधली सगळ्यात भक्कम ऱ्हिदम गिटार ज्यांची मानली जाते त्यांच्या हातात इतका सौम्य पिकअप होता. दुसरी बाजूही सांगितली : ब्लॅक सबाथच्या सुरुवातीच्या काळात टोनी आयोमी यांच्या गिब्सन एसजी गिटारमध्ये पी-९० (सिंगल कॉइल पिकअप) होते, ॲम्प लेनी कंपनीचा, आणि दोन्हींच्या मधे ट्रेबल बूस्टर. जास्तीचा जोर हवा तेव्हा तो मधे घालता येतो, नको तेव्हा पायाने बंद. पिकअपमध्येच गुंडाळून ठेवलेला जोर बंद करायला बटण नसतं.

१३ जुलै, रविवार

कालच्या ऐकण्यात एक उणीव राहिली होती. खालच्या ई तारेवर वेगाने वाजवलं की आवाज फुगतो, घट्ट राहत नाही. खालची ई ८२ हर्ट्झची. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला २५ मायक्रोफॅरड असल्याने तिला पूर्ण गेन मिळतो आणि शेवटी ईएल८४ ची सगळी ताकद खर्जातच खर्च होते.

२५ च्या जागी ०.६८ मायक्रोफॅरड. दीड किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर हिशेब केला तर दीडशे हर्ट्झच्या खाली गेन उतरत सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, तीनशेच्या वर सगळं पूर्वीसारखं. मार्शलच्या मोठ्या ॲम्पच्या ब्राइट चॅनलमध्ये हीच किंमत सापडते, तिथे रेझिस्टर २.७ किलोओहमचा. फाटण्याच्या आधी खर्ज आवरायचा आणि फाटल्यानंतर स्पीकरच्या पेटीतून भरून घ्यायचा, हा रॉक ॲम्पमधला फार उपयोगाचा नियम आहे.

डाग देऊन, तपासून, ॲटेन्यूएटर (ॲम्पची ताकद शोषून आवाज लहान करणारं साधन) लावून घरीच ऐकलं. आता खालची तार ओढून मारली तरी आवाज मुठीत राहतो. सिरॅमिक असता तर हा बदल मी आधी केला असता आणि पिकअपला निर्दोष ठरवलं असतं. क्रम उलटा न केल्याचं समाधान आहे.

२७ जुलै, रविवार

पाऊस थांबायला तयार नाही. तारा दोन आठवड्यांत गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसायची सवय पोरांना लावतोय. दमटपणाने मान किंचित वाकली, तारा वर आल्या, त्यामुळे ६ जुलैची उंचीची मापं पुन्हा घ्यावी लागली : ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक सरळ करणारी सळई) पाव फेरा, मग पिकअप.

नव्या पिकअपवर धातूचं झाकण आहे आणि आत मेण भरलेलं नाही. ॲम्प ६ च्या वर नेऊन स्पीकरसमोर उभं राहिलं की कर्कश शिट्टी येते, तारांचा फीडबॅक नव्हे, कॉइलच्या वेढ्यांची थरथर. मेणात बुडवावा लागेल : पॅराफिन चार भाग, मधमाशांचं मेण एक भाग, दुहेरी भांड्यात ६५ अंशांच्या वर जाऊ न देता. वर गेलं की बॉबिनचं प्लास्टिक वाकतं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवला. शिट्टी गेली. आवाजात थोडा मोकळेपणा कमी झाला असं मला वाटतं, भाच्याला वाटत नाही. मंचावर मात्र शिट्टी परवडणार नाही, तेव्हा मेण योग्यच.

३ ऑगस्ट, रविवार

बँडचा दुसरा गिटारवाला विचारत होता, मीपण सिरॅमिक काढू का? त्याला नको म्हटलं. त्याचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा, स्वच्छ, आणि फाटणं सगळं पेडलमधून. त्याच्याकडे ॲम्पचा कुठलाच टप्पा फाटायची वाट बघत नाही. जोरदार पिकअप पेडलला ठाम सिग्नल देतो, त्याचे तुटक, दाबून मारलेले रिफ त्यावर घट्ट येतात. दोन्ही गिटारांचा रंग वेगळा राहिला तर गाण्यात दोघंही ऐकू येतात. त्याचा पिकअप फक्त एक मिमी खाली घेतला आणि टोनची वायर पन्नासच्या पद्धतीने बदलून दिली.

शेजारच्या विंगमधली सिंगल कॉइलही आमच्या ॲम्पवर वाजवून पाहिली. व्हॉल्यूम ८ वर न्यावा लागला, पण नेल्यावर जो खणखणीत गजर आला तो हंबकरला जमणार नाही. ५० हर्ट्झची गुणगुण मात्र ट्यूबलाइटखाली ऐकवत नाही. मंचावर एलईडीच्या माळांची भाऊगर्दी असणार, तिथे हंबकरच.

१६ ऑगस्ट, शनिवार

गोविंदा. सकाळपासून नौपाडा ते पाचपाखाडी डीजे. काम नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

गाळ्यात शेवटची तालीम. आज मी ॲम्पपाशी गेलोच नाही, मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. गिटार ड्रमच्या वर नव्हती, ड्रमच्या शेजारी होती, आणि प्रत्येक कॉर्ड कुठला ते कळत होतं. भाचा आता पायाने नाही, करंगळीने आवाज बदलतो : कडव्याला गिटारचा व्हॉल्यूम ५, जवळजवळ स्वच्छ; ध्रुवपदाला १०, ईएल८४ पूर्ण फाटलेले. ॲम्पच्या नॉबला मधे कुणी हात लावत नाही. सोलोसाठी साधा बूस्टर ठेवला आहे, तेवढ्या एका जागी पहिला व्हॉल्व्हसुद्धा फाटतो आणि तिथे ते शोभतं.

मंचावरच्या जुळणीसाठी : ॲम्प व्हॉल्यूम ६, टोन साडेपाच. पिकअप जाड बाजू २.८, बारीक बाजू १.८, शेवटचा फ्रेट दाबून. केबल तीन मीटरची, लांबची नाही. ॲम्प बँडच्या मागे, खुर्चीवर उचलून, तिरका. माइक ग्रीनबॅकच्या मध्यापासून चार बोटं बाजूला. मंचाची वीज मंडपवाल्याच्या बोर्डावरून येणार, म्हणून वाजवण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज आणि अर्थिंग दोन्ही तपासायचं. अर्थिंग नसेल तर ॲम्प लावायचाच नाही, सोसायटीच्या मीटर रूममधून वेगळी वायर ओढायची. वॉचमनशी बोलून ठेवलं आहे. ईएल८४ ची जास्तीची जोडी आणि १ ॲम्पियरचे दोन स्लो-ब्लो फ्यूज पेटीच्या मागच्या खिशात.